पायांच्या आगीवर नैराश्याची गोळी कशासाठी?

गतवर्षी एक तरुण आमच्या मधुमेह विभागाच्या खिडकीशी आला आणि औषधाची पट्टी पुढे ठेवून म्हणाला, "साहेब, माझे वडील वेडे नाहीत. ही मनाच्या आजाराची गोळी आहे, असं दुकानात सांगितलं." वडिलांनी चौथ्याच दिवशी गोळी सोडली होती. तळपायांची आग मात्र रात्रभर चालूच होती. दोष आमचाही होता. औषध दिले गेले, कारण सांगितले गेले नव्हते. आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतलेले ते कारण येथे देत आहोत.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मज्जातंतूंना इजा होते व ते विनाकारण वेदनेचे संदेश पाठवू लागतात. काहींना पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. त्यांतील काही मूत्रपिंडांना अपायकारकही ठरतात. वेदनेला आवर घालणारी एक व्यवस्था मेंदूकडून मज्जारज्जूत उतरते. ॲमिट्रिप्टिलीन व ड्युलोक्सेटीन ही औषधे तेथील नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन ही द्रव्ये अधिक काळ टिकवून त्या व्यवस्थेस बळ देतात. नैराश्य असो वा नसो, ॲमिट्रिप्टिलीनने अशी वेदना कमी होते, हे अमेरिकेतील १९९२ च्या एका अभ्यासात दिसून आले. ड्युलोक्सेटीनला तर तेथे २००४ साली नैराश्य व मधुमेही मज्जातंतूवेदना या दोन्हींसाठी मान्यता मिळाली.

ॲमिट्रिप्टिलीन बहुधा रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात; नैराश्यासाठी सहसा याहून बरीच अधिक मात्रा लागते. गुण येण्यास काही आठवडे लागतात. चार दिवसांत निकाल लावू नये तो याचसाठी. तोंडाला कोरड, गुंगी, बद्धकोष्ठता हे त्रास संभवतात. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याची तक्रार असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावी आणि गोळी परस्पर बंद करू नये. शिवाय हे औषध बिघडलेला मज्जातंतू दुरुस्त करीत नाही. साखरेवर नियंत्रण आणि रोज पाय तपासणे सुटत नाही.

औषध जुने व स्वस्त आहे. आम्हा हिशेब ठेवणाऱ्यांना हेही नमूद करावेसे वाटते. आता अशा प्रत्येक औषधासोबत मोठ्या अक्षरांतील मराठी चिठ्ठी दिली जाते. तिच्या छपाईचा खर्च एका देणगीदारांनी उचलला आहे. त्या तरुणाच्या वडिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू केली. महिनाभराने ते स्वतःच खिडकीशी आले. झोप लागते, म्हणाले. तोंड कोरडे पडते, ही तक्रारही त्यांनी नोंदवून घ्यावयास लावली.