कवड्या की मण्यार?

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या जेएलटीच्या घरात रात्रीचे साडेनऊ वाजले होते, म्हणजे गावी अकरा. मुलांच्या उद्याच्या डब्याची तयारी करत होते, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. बाबा गेल्यापासून आई कराडजवळच्या गावी एकटी राहते आणि नऊच्या आत झोपते. त्यामुळे काळजात धस्सच झालं.

"अगं, न्हाणीत साप आहे."

हलत्या चित्रात मोरीशेजारी, भिंतीला धरून पडलेला हातभर लांबीचा तपकिरी साप दिसला. अंगावर पांढुरके पट्टे होते. दारात शेजारचे बापूकाका काठी घेऊन उभे. "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. एका घावात संपवतो."

"आई, काकांना थांबव," मी ओरडले. एकतिसाव्या मजल्यावर बसून हे सांगणं सोपं आहे, हे मलाही कळत होतं.

पण मी असं का म्हणाले, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. लग्नाआधी मी गावाकडच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. एका पावसाळ्यात कुंपणापाशी धामण निघाली. शिपाई आणि नववीच्या मुलांनी ती ठेचली. मी तिथेच होते. "मागे सरका रे" यापलीकडे काही बोलले नाही. पुढे नागपंचमी आली आणि मी हौसेने फळ्यावर नागोबा काढला. तर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण मारला तो देव नव्हता का?" शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत इतकी निरुत्तर मी कधीच झाले नाही.

नंतर मुख्याध्यापकांनी एका सर्पमित्राला शाळेत बोलावलं. त्याने साप आणलाच नव्हता, नुसती चित्रं आणली होती. मुलं हिरमुसली; मला मात्र तेच आवडलं. (हल्ली साप गळ्यात घालून रील करणारे बघते तेव्हा तो हटकून आठवतो. अशा प्रदर्शनात कितीतरी पोरांचे जीव गेलेत.) साप दूध पीत नाही, गारुडी त्याला तहानलेला ठेवतो, म्हणून तो मिळेल ते पितो. त्याला बाहेरचे कान नसतात, तो पुंगीच्या सुरावर नव्हे तर हालचालीवर डोलतो. धामण गाईचं दूध पीत नाही, शेतातले उंदीर खाते. आपल्याकडे बहुतेक बळी घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी वहीत उतरवून घेतलं. त्यात एक ओळ होती: कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात, मण्यारीचे मानेमागे बरंच अंतर सोडून, जोडीजोडीने सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. कवड्या बिनविषारी. पाली खायला घरात शिरतो आणि मण्यार समजून मारला जातो.

ही माणसं तयार झाली त्यामागे पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचं मोठं काम आहे. साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे लोकांना पटावं, म्हणून १९८० साली ते ७२ तास ७२ सापांबरोबर काचेच्या खोलीत राहिले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. बत्तीस शिराळा तर आमच्या गावापासून जवळच. लहानपणी आम्ही तिथे नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका पाहिल्या आहेत. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने त्यांना आळा घातला. लोक चिडले, मोर्चे निघाले. मला दोन्ही बाजू कळतात. तिथली माणसं नागाला मारत नव्हती, पण भक्तीतही त्याचे हाल व्हायचेच.

तर त्या रात्री मी पडद्याला डोळे लावून पट्टे बघत होते. मानेपासून सुरू होतायत का? वाटत होतं, होय. पण फोनवरच्या अंधुक चित्रावर आईचा जीव टांगायचा? मी म्हटलं, "तिथून हलू नका, जवळही जाऊ नका. लांबून बॅटरी धरून नुसती नजर ठेवा. मी सर्पमित्र पाठवते." वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक मला पाठ होता, पण इथून लावायचा कसा? शेवटी कराडच्या मावसभावाला उठवलं.

बापूकाका काठी खाली ठेवेनात. त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. तिचा दंश फारसा दुखतही नाही. घरच्यांनी आधी मांत्रिक गाठला, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. प्रतिविष वेळेत मिळालं असतं तर कदाचित तो वाचला असता. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा काकांना "घाबरू नका" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एवढंच म्हटलं, "काका, मारायला जवळ गेलात तर चावायचा धोका जास्त. माझ्यासाठी थांबा."

ते थांबले. पाऊण तासाने हुक आणि बरणी घेऊन एक पोरगा आला. त्याने दारातूनच पाहिलं आणि म्हणाला, "कवड्या आहे, आजी." वहीत नोंद करून त्याने साप नेला. आईने विचारलं तेव्हा पेट्रोलपुरते पैसे घेतले आणि जाताना काकांना बजावलं, "कधी दंश झालाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना."

सकाळी धाकट्याने विचारलं, "आई, इथे दुबईत साप नाहीत ना?" आहेत की, म्हटलं. फुरसं इथल्या वाळवंटातही आहे. आणि वाळूत बुडून फक्त डोळे वर ठेवणाऱ्या इथल्या एका बिनविषारी सापाला तर आपल्या आत्माराम सदाशिव जयकरांचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते मस्कतला डॉक्टर होते. रुग्ण तपासता तपासता प्राण्यांचे नमुने जमवून लंडनच्या संग्रहालयाला पाठवायचे. तेव्हापासून वाळवंटात कॅम्पिंगला गेलो की मुलगा वाळूत दोन डोळे शोधतो. अजून दिसले नाहीत.

यंदा जूनमध्ये बापूकाकांच्या वैरणीत नाग निघाला. आई फोनवर सांगत होती, काकांनी काठी घेतली, पण ती पोरांना लांब ठेवायला. आणि दुसऱ्या हाताने त्या पोराला फोन लावला.