खटका अडकला? जोर नको, आधी कारण शोधा!

घडीच्या चाकूचं लॉक अडकलं की आपण अंगठ्याने जोर लावतो आणि नेमकं तिथेच बोट कापतं. तंजावरच्या एका मराठी घरात, फणसाच्या निमित्ताने मिळालेला हा दुरुस्तीचा धडा घरोघरी उपयोगी पडावा.

तंजावरला गेले होते ती सरफोजीराजांच्या कागदपत्रांसाठी. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे भोसल्यांची गादी स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. याच घराण्यातले दुसरे सरफोजीराजे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) जितके ग्रंथवेडे, तितकेच वैद्यकवेडे. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चाले, डोळ्यांवर शस्त्रक्रियाही होत. त्या रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयाने आजवर जपली आहेत.

दिवसभर हे सारं पाहायचं आणि संध्याकाळी मुक्कामाच्या घरी परतायचं, असा क्रम होता. घर मराठी, पण कित्येक पिढ्या तंजावरातच रुजलेलं. घरातले आजोबा ऐंशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आणि मधूनच आपण विसरून गेलेला एखादा जुना शब्द!

फणसाने घात केला

मे महिना. रविवारी घरात भलामोठा फणस आला. सूनबाईंनी रीतसर कत्तीला आणि हातांना तेल चोळलं. (चाकूला तमिळमध्येही 'कत्ती'च म्हणतात, बरं का!) गरे सोडवायला मीही बसले. माझ्या पर्समध्ये भावाने दिलेला घडीचा चाकू होता. मोठ्या ऐटीत तो काढला. तेल लावायची आठवण कुणी तरी केली, पण शहरी माणसाला घाई! काम झाल्यावर पातं फडक्याने पुसलं, चाकू मिटला आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आंब्यासाठी चाकू उघडला. 'खट्' असा आवाज झाला, लॉक बसलं. पण मिटायला गेले तर लॉक हलेना. अंगठा दुखेपर्यंत दाबलं, तरी ढिम्म. शेजारी बसलेली आजोबांची बारा वर्षांची नात म्हणाली, "मी करते." तिने दोन्ही हातांत चाकू धरला आणि सगळं बळ अंगठ्यात आणलं.

तेवढ्यात आजोबांनी तिचं मनगट धरलं. एक शब्द न बोलता चाकू काढून घेतला आणि आपला डावा हात तिच्यासमोर धरला. तर्जनी मधल्या पेरापाशी ताठच होती, वाकत नव्हती. तरुणपणी लॉक नसलेला एक चाकू नारळाच्या करवंटीत रुतला. ओढून काढताना पातं बोटावर मिटलं आणि आतली शीर तुटली. आजोबा तेव्हा वीणा वाजवत. वीणेच्या पडद्यांवर फिरतात ती डाव्या हाताची हीच बोटं.

"चाकूशी भांडायचं नसतं," ते नातीला म्हणाले. "तो का अडला, ते त्याला विचारायचं."

लॉक अडकतं कशाने?

माझ्या चाकूची रचना आज बाजारात सर्रास दिसते. मुठीच्या आत एक पातळ, स्प्रिंगसारखी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती बाजूला सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. पट्टी अंगठ्याने बाजूला सारली की पातं मिटतं. म्हणजे लॉक सोडताना अंगठा असतो थेट पात्याच्या वाटेवर! पट्टी अडकलेली असताना जोर लावला आणि ती एकदम सुटली, तर पातं अंगठ्यावर किंवा मुठीभोवतीच्या बोटांवर आलंच म्हणून समजा.

पट्टी अडकण्याची कारणं साधी असतात. फणसाचा चीक, आंब्याचा रस, खिशातला धागा-कचरा किंवा गंज. कधी चाकू स्वच्छ असतो, पण धातूवर धातू इतका घट्ट बसतो की सुटता सुटत नाही. झटका देऊन चाकू उघडायची सवय असेल, तर हे हमखास होतं.

काही चाकूंचं लॉक मुठीच्या पाठीवर असतं. तिथल्या दांड्याचा दात पात्याच्या खाचेत बसतो. त्या खाचेत कचरा साठला की दात नीट सुटत नाही किंवा अर्धवटच बसतो. लाकडी मुठीच्या चाकूंची तऱ्हा आणखी वेगळी. फ्रान्सच्या प्रसिद्ध ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरती कडी असते. दमट हवेत त्याचं लाकूड फुगतं आणि पातं चिमटीत सापडतं. पावसाळ्यात घराचं दार चौकटीत अडतं ना, अगदी तसंच! असा चाकू सावलीत सावकाश वाळू द्यावा. उन्हात ठेवला तर मूठ तडकते.

आजोबांची दुरुस्ती

आजोबांनी आधी पट्टी आणि पातं जिथे टेकतात तिथे खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि पाव तास चाकूकडे पाहिलंसुद्धा नाही. चीक पाण्याने सुटत नाही, तेलाने सुटतो. मग मुठीच्या दोन्ही बाजू जाड फडक्यात धरल्या. पात्याच्या खाचेसमोर एकही बोट नव्हतं. अंगठ्याऐवजी त्यांनी एक चपटी लाकडी काडी घेतली आणि तिने पट्टी हळूच बाजूला लोटली. 'टक्' करून ती सुटली.

पुढे जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. पट्टीमागची फट, पात्याचं बूड, बिजागरीची जागा, सगळं घासून झालं. (मूठ लाकडी असेल तर ती पाण्यात बुडवू नये, ओल्या ब्रशनेच भागवावं.) मग कोरड्या कापडाने पुसून चाकू पंख्याखाली वाळवला. ओल आत राहिली तर आज चीक गेला आणि उद्या गंज आला, असं व्हायचं!

बिजागरीला एकच थेंब शिलाई मशीनचं तेल. खोबरेल का नाही? ते चीक काढायला उत्तम, पण आत राहिलं तर खवट होतं, धूळ धरतं. शिवाय २४ अंश सेल्सियसच्या आसपास थिजतं. तंजावरच्या उकाड्यात हे जाणवायचं नाही, पण पुण्या-नाशिकच्या थंडीत नक्की जाणवेल. मशीनचं तेल पोटात जाऊ नये म्हणून पातं शेवटी साबणाने धुऊन पुसावं. रोज फळं कापायचा चाकू असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन अधिक बरं.

एवढं करूनही पट्टी थोडी चिकटतच होती. तेव्हा आजोबांनी नातीच्या कंपासपेटीतली पेन्सिल मागवली! पातं अर्धवट उघडून त्याच्या बुडाची जी कड पट्टीला टेकते, तिच्यावर पेन्सिलीचं टोक चार-पाच वेळा घासलं. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे खरं तर ग्रॅफाइट. ते कोरडं वंगण आहे. पट्टी सुटायला मदत करतं आणि तेलासारखी धूळ धरत नाही. काही दिवसांनी ते झिजतं, मग पुन्हा घासायचं.

परीक्षा घ्या

दुरुस्तीनंतर आजोबांनी चाकूची परीक्षा घेतली. चाकू उघडून लॉक बसवलं, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवली आणि पात्याची पाठ लाकडी पाटावर हलकेच दाबली. पातं जागचं हललं नाही. चाकू पास!

हे मात्र करू नका

● लॉकची कड कानशीने घासू नका. तिथला उतार मोजून दिलेला असतो. धातू एकदा गेला की परत येत नाही आणि चिकटणारं लॉक निसटणारं होऊन बसतं.

● रिव्हेट ठोकलेला चाकू उघडू नका. स्क्रू असेल तर किंचितच फिरवून पाहा. फार घट्ट असला तर पातं अडतं, फार सैल असला तर डुलतं.

● स्विस पद्धतीच्या बऱ्याच छोट्या चाकूंना लॉक नसतंच, पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं असतं. त्यांनी टोचण्याचं किंवा उचकटण्याचं काम करू नका.

● दाबून पाहताना लॉक निसटलं, तर तो चाकू कितीही लाडका असो, वापरातून काढा. अडकणारं लॉक त्रास देतं, निसटणारं लॉक बोट घेतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नात वीणा घेऊन बसली होती. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच एक स्वर चुकला, तेव्हा त्यांची ती ताठ तर्जनी आपसूक हवेत हलली. माझा चाकू पाटावर पडलेला होता. रियाज संपल्यावर नातीने तो उचलला, आधी बोटं बाजूला घेतली, मग पट्टी सारून अलगद मिटवला. अजिबात जोर लागला नाही.