रस्त्याकडेचे खोदकाम : मजुरांची व वाटसरूंची सुरक्षितता

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळा सरला की रस्त्यांच्या कडेला खोदकामे सुरू होतात. उपसा सिंचनाचे नळ, गावची नळपाणी योजना, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा या सर्वांची वाट बहुधा रस्त्याच्या कडेनेच जाते. काळम्मावाडी धरणाचे पाणी शहरात आणणारी सुमारे ५३ किलोमीटर लांबीची जलवाहिनी २०२३ साली सुरू झाली. एवढ्या मोठ्या कामाला व गावातील शंभर फुटांच्या चराला सुरक्षिततेचे नियम मात्र एकच लागू पडतात. शिवाय याच सुमारास ऊसवाहतूक सुरू होते, त्यामुळे धोका दुणावतो.

चर का ढासळतो?

एक घनमीटर माती सुमारे दीड ते दोन टन भरते. म्हणजे जवळजवळ गाडीभर उसाचे वजन. ते अंगावर आले की छाती दबते आणि डोके मोकळे असूनही काही मिनिटांत श्वास थांबतो. शिरोळ, हातकणंगले भागातील काळी जमीन कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते. परंतु भेगांच्या रेषेवर तिचा मोठा कडा एकदम सुटतो. पूर्वी बुजविलेल्या चराजवळची अथवा नळगळतीने भिजलेली माती तर मुळातच सैल असते. त्यातच काठावरून उसाने भरलेला ट्रॅक्टर गेला की त्याच्या भाराने व हादऱ्याने चराची बाजू खचते.

मजुरांसाठी काळजी

१. चर दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, किंवा अधिक खोल असेल तर बाजूंना पुरेसा उतार द्यावा अथवा फळ्या व आडवे वासे लावून भक्कम धिरे द्यावेत. पक्का कातळ असेल तरच यास अपवाद करावा. माती भेगाळलेली अथवा ओली असल्यास कमी खोलीवरही आधार द्यावा.

२. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर, किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांपैकी जे अंतर अधिक असेल तेवढी दूर टाकावी.

३. शिडी जवळ असावी व तिचे टोक जमिनीच्या वर सुमारे एक मीटर यावे. मजुराला शोधत जावे लागेल इतकी ती दूर नसावी.

४. खालून पोखरून वरची माती पाडण्याची रीत घातक आहे. खोदाई नेहमी वरून खाली करावी.

५. दररोज सकाळी व पाऊस पडून गेल्यावर जाणत्या माणसाने बाजू तपासल्याखेरीज कोणासही आत उतरवू नये.

६. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाची परवानगी घ्यावी. जमिनीखाली वीजवाहिनी वा नळ आहेत काय, याची संबंधितांकडे आधीच चौकशी करावी.

वाटसरूंसाठी काळजी

पहाटे अंधारात दूध घालण्यास निघालेला शेतकरी व सायंकाळी शाळेतून परतणारी मुले यांना उघडा चर दिसत नाही. म्हणून चराच्या दोन्ही बाजूंना भक्कम अडसर उभारावा. केवळ दोरी बांधणे पुरेसे नाही, कारण ती माणसाला वा जनावराला अडवू शकत नाही. दोन्ही दिशांना बरेच अलीकडे सूचनाफलक लावावेत, त्यांवर उजेडात चकाकणारी पट्टी असावी आणि रात्रभर तांबडे दिवे जळत ठेवावेत. घरे व गोठे यांच्यासमोर कठडे असलेला पक्का साकव टाकावा. रस्ता अरुंद झाला असेल तर झेंडेवाला नेमावा व उसाची वाहने काठापासून दूर चालवावीत. एका दिवसात नळ टाकून बुजविता येईल तेवढाच चर उघडावा, हे सर्वांत उत्तम.

अपघात झाल्यास

माती कोसळताच आत उडी घेण्याचा मोह आवरावा. दुसरा कडा सुटून मदतीस गेलेलाही गाडला जातो. प्रथम वाहने व यंत्रे थांबवावीत, काठावरील गर्दी हटवावी आणि ११२ व १०८ या क्रमांकांवर कळवावे. बाजूंना आधार देऊनच आत उतरावे. गाडलेल्या माणसाजवळ यंत्र न चालविता हातांनी व लहान फावड्याने माती काढावी. तोंड व छाती आधी मोकळी करावी.

चर बुजविताना माती सुमारे १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी भरून, पाणी मारून धुमसाने ठोकावी. नाहीतर पहिल्याच पावसात रस्ता खचतो. ग्रामपंचायतीने हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच काम पुरे झाले असे समजावे. फळ्या, वासे व दिवे यांचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकात आरंभीच धरला, तर ऐन वेळी सबब उरत नाही.