मेंदूचे आजार आणि दूरवरचा डॉक्टर

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या बऱ्याच आजारांत निदान एकदा होते, औषधोपचार मात्र वर्षानुवर्षे चालतो. फिट येणे, पार्किन्सन्स, अर्धशिशी, स्मृतिभ्रंश, लकव्यानंतरचे अधूपण यांत डॉक्टरला रुग्णाची हकिकत पुन्हा पुन्हा ऐकावी लागते आणि गोळीचे प्रमाण थोडे वाढवावे किंवा घटवावे लागते. टेलिमेडिसिन, म्हणजे फोनवरून किंवा व्हिडिओवरून दिलेला वैद्यकीय सल्ला, सर्वांत उपयोगी पडतो तो या पाठपुराव्यात.

प्रत्यक्ष जाऊन हा पाठपुरावा करणे किती अवघड, हे सोलापूर जिल्ह्यावरून दिसते. या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. मेंदूविकारतज्ज्ञ, ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) आणि एमआरआय यांची सोय मुख्यतः सोलापूर शहरात एकवटलेली आहे. करमाळ्याहून शहर गाठायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. फिट येणाऱ्या माणसाला एकट्याला पाठवता येत नाही, त्यामुळे दोघांचे भाडे जाते आणि दोघांचा रोज बुडतो. शहरात राहणाऱ्यांचीही सुटका नाही. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. तिचा दिवस ओपीडीच्या रांगेत गेला की त्या दिवसाची कमाई गेली. गोळ्या संपतात, पुढची तारीख टळते आणि थांबलेल्या फिट पुन्हा सुरू होतात.

फिटच्या आजारात हे फार महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त राहू शकतात. त्यासाठी गोळी एकही दिवस न चुकवता घ्यावी लागते. दिल्लीच्या एम्समध्ये अपस्माराच्या रुग्णांचे दोन गट करून एका गटाचा पाठपुरावा ओपीडीत आणि दुसऱ्याचा फोनवर करण्यात आला. फोनवरच्या रुग्णांची प्रकृती त्यामुळे बिघडली नाही. प्रवास आणि खर्च मात्र वाचला.

मोबाइलचा आणखी एक उपयोग निदानासाठी होतो. डॉक्टरसमोर फिट क्वचितच येते, आणि घरच्यांनी घाबरलेल्या अवस्थेत पाहून केलेले वर्णन अपुरे असते. म्हणून फिटचे मोबाइलवरचे चित्रण उपयोगी पडते. मात्र आधी रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. मग दुसऱ्या कोणी चित्रण करावे. त्यात चेहरा, डोळे आणि दोन्ही हात-पाय दिसावेत, आणि फिट थांबल्यावर रुग्ण किती वेळाने भानावर आला तेही टिपलेले असावे. खरी फिट आणि फिटसारखा दिसणारा दुसरा झटका यांतला फरक तज्ज्ञाला अशा चित्रणातून पुष्कळदा ओळखता येतो. चुकीच्या निदानापायी वर्षानुवर्षे नको त्या गोळ्या खाणे त्यामुळे टळू शकते.

पार्किन्सन्सची तपासणी तर बरीचशी नजरेनेच होते. हाताची थरथर, अंगठा आणि तर्जनी भरभर जुळवण्याचा वेग, खुर्चीतून उठणे, चालताना हात हलतात का, वळताना पावले अडखळतात का, हे सारे व्हिडिओवर दिसते. कोणती गोळी किती वाजता घेतली आणि हालचाल किती वेळ मोकळी राहिली, याची नोंद घरच्यांनी ठेवली तर गोळ्यांच्या वेळा नीट बसवता येतात. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ ऑनलाइन सभाही घेते. घराबाहेर पडणे अवघड झालेल्या रुग्णाला त्यामुळे इतरांच्या संगतीत राहता येते.

लकव्यात मात्र प्रश्न मिनिटांचा असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. हे घरून व्हिडिओवर होणारे काम नाही. इथे टेलिमेडिसिन दोन रुग्णालयांना जोडते. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर सीटीच्या प्रतिमा स्मार्टफोनवरून शिमला आणि टांडा येथील मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवू लागले आणि त्यांच्या सल्ल्याने इंजेक्शन तिथेच देऊ लागले. डोंगराळ राज्याला जे जमले ते सपाट, हमरस्त्यांनी जोडलेल्या सोलापूर जिल्ह्याला न जमण्याचे कारण नाही. सीटीची सोय आणि चोवीस तास फोन उचलणारा तज्ज्ञ एवढे मात्र हवे.

दूरवरून न होणाऱ्या गोष्टीही आहेत. स्नायूंचा ताठपणा हातानेच कळतो. प्रतिक्षिप्त क्रियांसाठी हातोडी लागते, डोळ्याचा पडदा पाहायला उपकरण लागते. म्हणून पहिली सविस्तर तपासणी शक्यतो प्रत्यक्षच व्हावी. अचानक उठलेली कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, तापासोबत मान आखडणे किंवा पाच मिनिटांत न थांबणारी फिट असेल तर व्हिडिओची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

भारतात टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाले. कोणती औषधे पहिल्याच भेटीत व्हिडिओवरून देता येतात, कोणती फक्त पाठपुराव्यात आणि कोणती अजिबात नाहीत, हे त्यांत ठरवून दिले आहे. डॉक्टरने नोंदणी क्रमांक द्यावा आणि नोंदी जपाव्यात असेही त्यांत म्हटले आहे. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. तिच्या एका प्रकारात रुग्ण घरून थेट डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्यात गावच्या आरोग्य केंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी संपर्क साधतो.

मेंदूच्या आजारांसाठी हा दुसरा प्रकार अधिक भरवशाचा आहे. जवळ बसलेला माणूस रक्तदाब मोजतो, रुग्णाला चालवून दाखवतो, गोळ्यांची पाकिटे कॅमेऱ्यासमोर धरतो. अक्कलकोटकडच्या गावांत घरात कन्नड बोलली जाते, सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू. तिथे आजीची तक्रार डॉक्टरपर्यंत नेमकी पोहोचवणारा दुवाही तोच असतो. या अधिकाऱ्यांना फिट, लकवा आणि पार्किन्सन्स यांची प्राथमिक तपासणी नीट शिकवणे आणि फिटच्या गोळ्या उपकेंद्रात कायम उपलब्ध ठेवणे, ही दोन कामे नव्या यंत्रांच्या खरेदीआधी व्हायला हवीत.