डाव कोणत्या पेटीत ठेवाल?

स्पर्धेत बुद्धिबळ खेळताना प्रत्येक चाल नोंदपत्रकावर लिहावी लागते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. डाव संपतो, मोहरी पेटीत जातात आणि मागे उरतो तो हा कागद. चार-पाच वर्षे नियमाने खेळणाऱ्या विद्यार्थ्याकडे असे दोन-तीनशे कागद सहज साठतात. ते संगणकात घातले, तर आपण एखादी सुरुवात किती वेळा खेळलो आणि नेमके कोठे घसरलो, हे क्षणात शोधता येते. मग प्रश्न येतो, यासाठी कोणती आज्ञावली घ्यावी? विचारणाऱ्याला बहुधा एक नाव हवे असते. परंतु नावाकडे वळण्यापूर्वी डाव संगणकात कोणत्या रूपात राहतो, हे समजून घेतले पाहिजे.

अशा संग्रहाचा उपयोग किती होतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. गॅरी कास्पारोव्हने १९८५ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एका संघाच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी डाव मांडले आणि तो साडेतीन विरुद्ध साडेचार गुणांनी हरला. १९८७ साली तो तेथे पुन्हा खेळला. त्या सुमारास माथियास व्युलेनवेबर या जर्मन तरुणाने अटारी एसटी या संगणकासाठी ‘चेसबेस’ ही आज्ञावली तयार केली होती. तिच्या साह्याने प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव अभ्यासून कास्पारोव्ह पटाशी बसला आणि ७-१ असा जिंकला. दोन वर्षांत तो काही दुप्पट बलवान झाला नव्हता. समोरचा खेळाडू काय खेळतो, हे त्याला आता आधीच माहीत होते, एवढेच.

आता एक साधी चाल घ्या. पांढऱ्याने आपला घोडा जी१ या घरातून एफ३ या घरात आणला. ही एकच चाल संगणकात निरनिराळ्या तीन प्रकारांनी लिहिली जाते, आणि आज्ञावलींच्या आपसांतील बहुतेक भांडणांचे मूळ येथेच आहे.

पहिला प्रकार माणसाने वाचण्याचा. १९९३-९४ च्या सुमारास स्टीव्हन एडवर्ड्स याने ‘पोर्टेबल गेम नोटेशन’ म्हणजे पीजीएन ही पद्धत आखून दिली. यात आपली चाल ‘एनएफ३’ अशी दिसते. (घोड्याला ‘एन’ हे अक्षर, कारण ‘के’ राजाने आधीच घेतले आहे!) डावाच्या माथ्यावर स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल अशा सात नोंदी असतात, आणि खाली चाली. सगळा मजकूर साधा असतो. पत्र लिहिण्याच्या कोणत्याही आज्ञावलीत ही फाइल उघडते. उद्या बुद्धिबळाची एकही आज्ञावली उरली नाही, तरी पीजीएनमधला डाव वाचून पटावर मांडता येईल.

मग दुसऱ्या प्रकाराची गरज काय? थोडा हिशेब करू. बुद्धिबळाच्या एखाद्या स्थितीत साधारणपणे तीस-पस्तीस चाली शक्य असतात. खेळातून येऊ शकेल अशा स्थितीत जास्तीत जास्त २१८ चाली निघाल्याची नोंद आहे. आठ बिटांच्या एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या संख्या मावतात. म्हणजे शक्य चालींना ठरावीक क्रमाने अनुक्रमांक दिले, तर कोणतीही चाल एका बाइटमध्ये बसवता येईल. चाळीस चालींच्या डावात दोन्ही बाजूंच्या मिळून ८० चाली, म्हणून ८० बाइट. तोच डाव पीजीएनमध्ये लिहिला, तर अक्षरे, मोकळ्या जागा व अनुक्रमांक धरून चारशेच्या वर बाइट लागतात. तुमच्या तीनशे डावांना याने काही फरक पडत नाही. पण संग्रह एक कोटी डावांचा असेल, तर ८० कोटी बाइट चाळणे आणि ४०० कोटी बाइट चाळणे यांतला फरक घड्याळात दिसतो.

म्हणून मोठे संग्रह सांभाळणाऱ्या आज्ञावली आपापली आटोपशीर लिपी वापरतात. शेन हडसनने सुरू केलेल्या ‘सिड’ या मोफत आज्ञावलीत अर्धा बाइट मोहऱ्याच्या क्रमांकाला आणि अर्धा चालीच्या क्रमांकाला दिला आहे. वजिराच्या तिरप्या चाली तेवढ्यात मावत नाहीत, म्हणून त्यांना आणखी एक बाइट लागतो. चेसबेसची सीबीएच ही लिपी वेगळी. तिच्यात एका संग्रहाच्या अनेक फाइली होतात. नुसती सीबीएच फाइल मित्राला पाठवली, तर त्याला चाली मिळणार नाहीत, कारण चाली सीबीजी या शेजारच्या फाइलीत असतात. यासाठीच सगळ्या फाइली एकत्र बांधणारी सीबीव्ही ही गाठोडी फाइल आहे. सिडच्या एसआय४ संग्रहाचेही असेच तीन भाग असतात.

या लिप्यांची किल्ली त्या त्या आज्ञावलीकडे असते, आणि धोका तेथेच आहे. माझ्या माहितीतील एका बुद्धिबळ मंडळाचे चारशेच्या आसपास डाव एका जुन्या आज्ञावलीत होते. ती नव्या संगणकावर चालेना, आणि तिच्यात पीजीएन बाहेर काढण्याची सोयच नव्हती. मुलांनी दोन सुट्ट्या खर्चून नोंदपत्रकांवरून डाव पुन्हा भरले. ज्या कागदांना कसर लागली होती, ते डाव कायमचे गेले. तेव्हा आज्ञावली कोणते प्रकार ‘उघडते’ यापेक्षा कोणत्या प्रकारात ‘बाहेर काढून देते’ हे आधी विचारा. जाहिरातीत पहिली यादी मोठ्या अक्षरांत असते.

पीजीएन संपूर्ण डाव सांगते. एकच स्थिती सांगायची असेल, तर एफईएन नावाची एक ओळ पुरते. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश पत्रकार डेव्हिड फोर्सिथ याच्या लेखनपद्धतीत आहे. तिच्यात मोहऱ्यांची मांडणी, कोणाची खेळी, कॅसलिंगचे उरलेले हक्क, जाता जाता प्यादे मारण्याची शक्यता आणि चालींचे दोन आकडे, अशा सहा गोष्टी असतात. भौतिकशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर एफईएन ही कणाची आत्ताची अवस्था आणि पीजीएन हा त्याचा मार्ग. मार्गावरून अवस्था काढता येते. अवस्थेवरून मार्ग काढता येत नाही. हीच स्थिती पूर्वी दोनदा येऊन गेली आहे का, म्हणजे बरोबरी मागता येईल का, हे एफईएनवरून कळत नाही. म्हणून डाव जपायचा तर तो पीजीएनमध्येच.

तिसरा प्रकार इंजिनाचा. चाल शोधणारे इंजिन ही संग्रहापासून वेगळी आज्ञावली असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. स्टॉकफिश हे २००८ पासूनचे मोफत इंजिन घ्या. त्याला पट नाही, खिडकी नाही; ते केवळ मजकुराच्या ओळींनी बोलते. हे संभाषण यूसीआय नावाच्या नियमांनी चालते. रुडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-कालेन यांनी ते २००० साली प्रसिद्ध केले. संग्रहाची आज्ञावली विचारते, “यूसीआय?” इंजिन आपले नाव सांगून “यूसीआय ओके” म्हणते. मग त्याला स्थिती कळवली जाते आणि “गो” अशी आज्ञा मिळते. विचार झाला की ते “बेस्टमूव्ह जी१एफ३” असे उत्तर देते. येथे मोहऱ्याचे नाव नाही, फक्त कोठून कोठे तेवढे. या चालीचे ‘एनएफ३’ करणे हे संग्रहाच्या आज्ञावलीचे काम. त्यामुळे तुमच्या आज्ञावलीला यूसीआय येत असेल, तर आजची बहुतेक सगळी इंजिने तिला जोडता येतात. विनबोर्डची जुनी पद्धत काही इंजिने अजून बोलतात, पण नव्याने निवडणाऱ्याने तिची फार चिंता करू नये. इंजिनाची प्रत मात्र आपल्या प्रोसेसरला चालणारी हवी. स्टॉकफिशच्या अशा अनेक प्रती मिळतात. चुकीची घेतली की इंजिन सुरूच होत नाही, आणि बोल मात्र संग्रहाच्या आज्ञावलीला बसतो.

आता निवड. पैसे खर्चण्याआधी पाच डावांची एक चाचणी-फाइल करा. एका डावात पर्यायी चाली कंसात आणि कंसात पुन्हा कंस असू द्या. एका डावाची सुरुवात मधल्याच स्थितीपासून करा. एकात मराठीतून टिपा लिहा. ही शेवटची कसोटी महत्त्वाची, कारण मूळ पीजीएन नियमांत पश्चिम युरोपीय अक्षरेच धरलेली होती. देवनागरीसाठी आज्ञावलीला यूटीएफ-८ ही अक्षरयोजना समजावी लागते. फाइल आत घ्या, जतन करा, पुन्हा पीजीएन म्हणून बाहेर काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. टिपांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर ती आज्ञावली तुमच्या कामाची नाही, मग तिची किंमत काहीही असो.

शाळेच्या मंडळाने, माझ्या मते, ‘सिड’ किंवा तिच्यापासून निघालेली ‘सिड व्हर्सेस पीसी’ घेऊन स्टॉकफिश जोडावे. दोन्हींना पैसे पडत नाहीत, आणि सिडची मूळ संहिता खुली असल्याने किल्ली हरवण्याची भीती नाही. दिसायला ती जरा रूक्ष आहे खरी. गंभीर स्पर्धा खेळणाऱ्याला चेसबेसचा तयार व टिपांसह असलेला संग्रह उपयोगी पडतो. त्याने आपले डाव दर महिन्याला पीजीएनमध्येही काढून ठेवावेत.

एक काम मात्र कोणतीही आज्ञावली पूर्णपणे करून देत नाही, ते म्हणजे नावांची सफाई. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी काही फाइलींत ‘गुजराथी’ या आडनावाखाली सापडतो, तर काहींत ‘विदित’ हेच आडनावाच्या जागी असते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन माणसे. आपल्याकडील वडिलांचे नाव, आद्याक्षरे आणि इंग्रजी वर्णलेखनातील फरक यांमुळे असे प्रकार फार होतात. पहिला डाव भरण्यापूर्वीच मंडळातील प्रत्येकाचे नाव कसे लिहायचे, ते एका कागदावर ठरवून संगणकाशेजारी चिकटवून टाका.