निवळीबरोबर काय जातं?

पनवेलला उरण नाक्याजवळच्या एका छोट्या डेअरीत दुपारी पनीर करतात. म्हशीचं दूध उकळी फुटेपर्यंत तापवतात, सतत ढवळत. मग आच बंद. दूध जरा उतरलं की कारागीर पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व बारीक धारेनं सोडतो. त्याची नजर फाटलेल्या दुधाच्या दाण्यावर नसते, पाण्यावर असते. पाणी पांढरट दिसलं तर आणखी थोडं सत्त्व सोडतो, हिरवट नितळ झालं की हात थांबवतो. ती हिरवट झाक बी-2 जीवनसत्त्वाची. म्हणजे डोळ्यांदेखत ते या पाण्यात, निवळीत, जात असतं.

उकळीचं महत्त्व मोठं आहे. दुधातल्या प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसीन, बाकीची निवळीत विरघळून राहणारी. गौडासारख्या चीजसाठी दूध कोमट असतानाच ते गोठवणारं रेनेट घालतात, त्यामुळे ही दुसरी प्रथिनं बहुतेक वाहून जातात. पनीरचं दूध कडक तापलेलं असल्यानं त्यांतली बरीचशी केसीनला चिकटतात आणि फडक्यातच राहतात. कॅल्शियमचं मात्र उलट होतं. आंबटपणामुळे ते केसीनमधून सुटतं आणि त्याचा काही भाग पाण्यात उतरतो. 100 ग्रॅम गौडात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं आणि 700 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तेवढ्याच पनीरात प्रथिनं 18-19 ग्रॅम आणि कॅल्शियम पाचशेच्या आत-बाहेर. पण गौडात सोडियम 800 मिलिग्रॅमच्या आसपास आहे आणि पनीरात मीठ घालतच नाहीत. घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मी डोळे झाकून पनीर निवडेन.

दुधातली साखरही बरीचशी निवळीत जाते, त्यामुळे दूध न सोसणाऱ्या अनेकांना पनीर थोडंफार चालतं. स्निग्धांश मात्र जवळजवळ सगळा दाण्यात अडकतो. नियमच तसा आहे: पनीरात पाणी 60 टक्क्यांहून जास्त नको आणि पाणी वगळून उरेल त्यात निम्मा तरी दुधाचाच स्निग्धांश हवा. वजन उतरवायला रोज पाव किलो पनीर खाणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. पाम तेल घालून केलेली वडी दिसायला अशीच असते. ती पनीर म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

दाणा गरम असतानाच फडक्यासकट साच्यात दाबतात, वर वजन ठेवतात, मग लादी थंड पाण्यात सोडतात. दहा लिटर दुधाचं जेमतेम दोन किलो पनीर होतं. बाकीची निवळी मोरीत जाते, याचं मला फार वाईट वाटतं. साखर, क्षार, थोडी प्रथिनं, सगळं तिच्यात असतं. घरी पनीर केलंत तर त्याच दिवशी तिच्यात कणीक भिजवा किंवा वरणात घाला. आमटीत घातलीत तर चिंच कमी टाका, तिची स्वतःची आंबटाई पुरते.