टक्के कशाचे, आणि किती वर्षांनंतरचे?

नंदुरबारचे नाव राज्याच्या वर्तमानपत्रांत येते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. त्यामुळे या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेवर लिहिणे कुणाला विचित्र वाटेल. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांचा हा जिल्हा शहादा-नंदुरबारच्या बाजारपेठांचाही आहे. दिवसभर गादीवर बसून धंदा करणारी, चाळिशीतच मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेली माणसे तिथे आहेत. मोठ्या ऑपरेशनसाठी इथला माणूस सुरतेची गाडी धरतो, नाहीतर नाशिक-पुणे-मुंबई गाठतो. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून ‘बॅरियाट्रिक’ हा शब्द मराठी घरांतही ओळखीचा झाला.

जाहिरातींत या शस्त्रक्रियेचे यश टक्क्यांत सांगतात. ते टक्के खोटेच असतात असे नाही. पण ते कशाचे, किती वर्षांनंतरचे आणि तोवर किती रुग्ण संपर्कात राहिले होते, हे कळल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. या विषयावरचे संशोधन भरपूर आहे आणि नीट वाचले तर ते बरेच स्पष्ट बोलते.

कोणासाठी?

सुरुवात ‘बीएमआय’पासून होते. किलोतले वजन घ्यायचे आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन १०५ किलो असेल तर १०५ भागिले २.५६, म्हणजे ४१. अमेरिकेत १९९१ साली तज्ज्ञांच्या परिषदेने मर्यादा ठरवली: बीएमआय ४० किंवा अधिक, सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार असेल तर ३५.

ही मर्यादा भारतीय शरीराला जशीच्या तशी का लावू नये, याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण मोजणी केली तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर बारीक दिसूनही आतून चरबीदार असू शकतो, आणि ती चरबी पोटात साठली की कमी वजनावरही मधुमेह गाठतो. म्हणून आशियाई रुग्णांसाठी शल्यतज्ज्ञांनी मर्यादा खाली आणल्या: ३७.५, आणि सोबत आजार असेल तर ३२.५. जागतिक संघटनांच्या २०२२च्या शिफारशींत तर आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासूनच विचार करायला वाव दिला आहे.

विम्याचे गणित मात्र वेगळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९च्या प्रमाणित अटींत ४० आणि ३५ हेच आकडे आहेत. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी ३७.५ म्हणजे ९६ किलो आणि ४० म्हणजे सुमारे १०२ किलो. दुसरा आजार नसलेला, ९८ किलोचा माणूस डॉक्टरांच्या हिशेबात बसतो आणि विम्याच्या हिशेबात बसत नाही. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पॉलिसीतली ही अट वाचून घ्यावी.

पोटात नेमके काय करतात?

दोन प्रकार जास्त चालतात, दोन्ही दुर्बिणीतून. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. एकच जोड देऊन केलेला ‘मिनी बायपास’ही भारतात बराच होतो.

पोट लहान झाले म्हणून खाणे कमी झाले, एवढीच ही गोष्ट असती तर साखरेचे कोडे सुटले नसते. बायपासनंतर अनेकांची रक्तशर्करा वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. त्याचे एक कारण हार्मोन्समध्ये आहे. स्लीव्हमध्ये काढलेला जठराचा वरचा भाग भूक चाळवणारे ‘घ्रेलिन’ तयार करतो. तो गेल्यावर भूकच मंदावते. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचते, तिथून ‘जीएलपी-१’ जास्त सुटते आणि ते इन्सुलिनला चालना देते. सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शने याच हार्मोनची नक्कल करतात. ती थांबवली की बऱ्याच जणांचे वजन परत चढते.

मधुमेह जातो का?

पुण्यातल्या डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांचा २०१०चा अभ्यास गाजला. बीएमआय ३५ पेक्षा कमी असलेले १५ मधुमेही रुग्ण घेऊन त्यांचा बायपास केला. त्यांपैकी ८० टक्के रुग्ण आधी इन्सुलिनवर होते. तीन महिन्यांत सगळ्यांची औषधे बंद झाली. पण रुग्ण पंधराच होते आणि पाठपुरावा नऊ महिन्यांचा. इतक्या कमी काळात ‘मधुमेह गेला’ असे म्हणता येत नाही.

लांबच्या काळासाठी स्वीडनकडे वळावे लागते. तिथे १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला: शस्त्रक्रिया झालेले २०१० रुग्ण आणि न झालेले, तसेच स्थूल असलेले २०३७ जण. मधुमेही रुग्णांपैकी शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहमुक्त होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्यांत ते साडेसहा टक्केच होते. म्हणजे फायदा खरा आहे आणि मोठाही आहे, पण निम्म्याहून अधिक जणांचा मधुमेह परतला. ‘मुक्ती’ऐवजी ‘अनेक वर्षांची सवलत’ म्हटले तर ते संशोधनाला धरून होईल. अमेरिकेत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटवारी करून केलेल्या १५० रुग्णांच्या चाचणीतही पाच वर्षांनी तेच दिसले. साखरेचे ठरवलेले कडक लक्ष्य बायपासवाल्या २९ टक्क्यांनी, स्लीव्हवाल्या २३ टक्क्यांनी आणि फक्त औषधे घेणाऱ्या ५ टक्क्यांनी गाठले.

नंदुरबारच्या रुग्णाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘मधुमेह गेला’ हे बहुधा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवरून, म्हणजे एचबीएवनसीवरून ठरवतात. भिल्ल, पावरा, मावची समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे ही तपासणी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवते. अशा रुग्णाचे यश उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेवरच जोखले पाहिजे.

टक्क्यांची गंमत

वर घेतलेला १०५ किलोचा माणूस पुन्हा घेऊ. बीएमआय २५ धरला तर त्याचे योग्य वजन ६४ किलो, म्हणजे ‘जादा वजन’ ४१ किलो. त्याचे २१ किलो उतरले. एक दवाखाना सांगेल, जादा वजनापैकी ५१ टक्के कमी झाले. दुसरा सांगेल, एकूण वजनापैकी २० टक्के. दोघेही खरे बोलतात. योग्य वजन बीएमआय २३ धरून काढले, तर तेच ५१ टक्के ४६ वर येतात. म्हणून टक्के ऐकले की आधी किलो विचारावेत.

दुसरा प्रश्न वर्षांचा. वजन बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली जाते, मग थोडे वर येते. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना स्लीव्ह आणि बायपास अशा दोन गटांत वाटून दहा वर्षे पाहिले. शेवटी जादा वजनापैकी स्लीव्ह गटात ४३.५ टक्के आणि बायपास गटात ५१.९ टक्के कमी झालेले होते. मात्र जठरातले आम्ल वर येऊन अन्ननलिकेला झालेली सूज स्लीव्ह गटात ३१ टक्क्यांना, बायपास गटात ७ टक्क्यांना. आधीपासूनच छातीत जळजळ असणाऱ्याने हा आकडा डॉक्टरांपुढे ठेवावा.

तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनी किती जण सापडले? ज्यांचे वजन परत वाढले, ते बहुधा दवाखान्यात यायला कचरतात. उरलेल्यांची सरासरी काढली की निकाल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

जिवाला धोका किती?

अमेरिकेतल्या दहा केंद्रांतून ४७७६ रुग्णांचा पहिल्या तीस दिवसांचा हिशेब २००९ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. मोठी गुंतागुंत ४.३ टक्क्यांना. अनुभवी केंद्रात ही शस्त्रक्रिया लोकांना वाटते तितकी जीवघेणी राहिलेली नाही.

पण या सरासरीमागे अनुभवी चमू, अतिदक्षता विभाग आणि वेळेवर ओळखलेली लक्षणे असतात. स्लीव्हच्या टाक्यांतून गळती शंभरात एक-दोघांना होते आणि ती अनेकदा घरी परतल्यावर उघड होते. नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे, धाप: यांतले काहीही दिसले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबायचे नाही. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा दुसरा मोठा धोका. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने आणि लवकर चालायला लावणे हे उपाय असतात. भूल देण्याआधी सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णाला प्राणवायू किंवा पाणी कमी पडले तर जिवावर बेतू शकते.

महिन्यानंतरचे धोके हळू येतात. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर आतडे आतल्या आत अडकू शकते. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते, म्हणून गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभराच्या. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीतही जवळपास तेवढेच. चार घासांत पोट भरणाऱ्या माणसाने भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर भागवले, तर हा हिशेब जुळत नाही.

गावाकडच्या तीन सवयी इथे घातक ठरू शकतात. पहिली, उलट्या थांबत नाहीत म्हणून ग्लुकोजचे सलाईन. सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व संपलेले असते. ते आधी न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची खूण. दुसरी, अंगदुखीची सुई. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी बायपासच्या जोडावर व्रण होतो, बिडी-सिगारेटनेही. तिसरी, दारू. बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचे प्रमाण दुसऱ्या वर्षापासून वाढलेले अमेरिकी अभ्यासात नोंदले आहे. सणासुदीची मोहाची दारूही यात आलीच. तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये.

आयुष्य वाढते का?

स्वीडिश अभ्यासाचा २०२० साली आलेला निष्कर्ष सांगतो की शस्त्रक्रिया झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षे जास्त जगले. तरीही सर्वसामान्य लोकांपेक्षा त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी कमी होते. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. या अभ्यासात गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, शस्त्रक्रिया रुग्णांनी स्वतः निवडली होती; त्यामुळे सगळे श्रेय सुरीला देता येत नाही. शिवाय त्या काळच्या बहुतेक शस्त्रक्रिया आज फारशा होत नाहीत.

या सगळ्या अभ्यासांतले चांगले निकाल अशा रुग्णांचे आहेत, ज्यांना वर्षानुवर्षे कुणीतरी बोलावत राहिले, तपासत राहिले. सुरतेला किंवा पुण्याला शस्त्रक्रिया करून घरी परतणाऱ्याने तीच सोय आपल्यापुरती आधी उभी करायची असते. डॉक्टरांना विचारावे: तुमच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी किती जण संपर्कात आहेत, आणि त्यांचे किती किलो वजन कमी राहिले? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल? आमच्या गावच्या डॉक्टरांसाठी शस्त्रक्रियेचा प्रकार, टाळायची औषधे आणि वर्षाच्या तपासण्या लिहून द्याल का? खर्चाच्या अंदाजात पुढच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि गाडीभाडेही मांडावे. ही उत्तरे समाधानकारक मिळाली तर मर्यादेत बसणाऱ्या रुग्णाने शस्त्रक्रियेला घाबरण्याचे कारण नाही. ती मिळत नसतील, तर तारीख पुढे ढकलून दुसऱ्या केंद्राचे मत घ्यावे.